६१७४ च्या जोड्या

[दृश्य : फळा, खडू धरलेला हात]

फळ्यावर उमटणारी ही संख्या आहे ६१७४. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये तिचे वैशिष्ट्य शोधले आणि ती कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. ते वैशिष्ट्य मात्र आजचा विषय नाही. आज तिला शाळेतला नेहमीचाच प्रश्न विचारायचा आहे : ती पूर्ण वर्ग आहे का?

एककस्थानी २, ३, ७ किंवा ८ असता, तर उत्तर तिथेच ‘नाही’ असे मिळाले असते. येथे ४ आहे, त्यामुळे खडू पुढे चालवावा लागतो.

[दृश्य : उभी मांडणी, जवळून]

२ ने भागल्यावर ३०८७ उरतात. त्यांच्या अंकांची बेरीज १८ असल्याने ३ ने भाग जाणार हे भागाकार करण्याआधीच कळते. १०२९, पुन्हा ३ ने ३४३, मग सातची पाळी : ४९, ७ आणि अखेर १. डावीकडच्या रकान्यात २, ३, ३, ७, ७, ७ असे मूळ अवयव उभे राहिले आहेत. सुरुवात सातपासून केली असती, तरी हेच सहा जण मिळाले असते.

आता शिक्षिका तीनच्या जोडीभोवती एक वर्तुळ काढतात आणि सातच्या जोडीभोवती दुसरे. एक २ आणि एक ७ एकटे राहतात. ‘जोड्या लावा आणि प्रत्येकीतला एक घ्या’ एवढाच नियम अनेक वर्गांत सांगितला जातो. जोड्या का लावायच्या, हे विचारायला तासात वेळ उरत नाही. खरे तर कारण एका ओळीचे आहे. वर्ग म्हणजे एखाद्या संख्येला तिनेच गुणणे, म्हणून त्या संख्येतला प्रत्येक मूळ अवयव वर्गात दुपटीने येतो आणि कोणीही एकटा राहू शकत नाही. ६१७४ पूर्ण वर्ग नाही. ७८ आणि ७९ यांच्या वर्गांमध्ये ती अडकलेली आहे.

एकट्यांना जोडीदार द्यायचे, तर १४ ने गुणावे : ८६४३६ मिळतात आणि वर्गमूळ येते २ × ३ × ७ × ७, म्हणजे २९४. एकट्यांना बाहेर काढायचे, तर १४ ने भागावे : ४४१ उरतात आणि वर्गमूळ येते २१.

[दृश्य : शाळेचा व्हरांडा, वरून]

हे ४४१ चिंचोके आहेत. एका रांगेत २१ आणि अशा २१ रांगा. ६१७४ साठी असे चौदा चौरस लागले असते. तेवढे चिंचोके शाळेच्या डब्यात नव्हते.