दत्तकपत्र, विसार आणि आपली मंडळी

(नाताळनिमित्त झालेल्या मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित करून)

नमस्कार मंडळी, आणि आमच्यातल्या रिवाजाप्रमाणे जय ख्रिस्त.

कार्यकारिणीने मला सांगितलं, "काका, नाताळ म्हणजे केक आणि चांदणी एवढंच आम्हाला माहीत आहे, जरा आतलं सांगा." आतलं सांगायचं तर मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात उभा आयुष्यभर दिवाणी दावे चालवले. वाटप, वारस नोंदी, दत्तकाचे तंटे, साठेखतं. आता मुलाकडे लंडनला असतो. त्यामुळे धर्मग्रंथही मी दस्तऐवज वाचावा तसा वाचतो, त्याला इलाज नाही.

आपल्याकडे वाकून नमस्कार केला की वडीलधारे म्हणतात, "सुखी राहा, शंभर वर्षं जग." हा आशीर्वाद पुढच्या दिवसांसाठी असतो. बायबलातल्या इफिसकरांस, म्हणजे इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांस, लिहिलेल्या पत्राच्या आरंभी येशूचा प्रेषित पौल मात्र देवाचा धन्यवाद करतो तो मिळून चुकलेल्या गोष्टीबद्दल. ख्रिस्ताच्या ठायी देवाने आपल्याला सगळे आध्यात्मिक आशीर्वाद दिलेले आहेत, असं तो म्हणतो. पहिल्या अध्यायाची 3 ते 14 ही वचनं मूळ ग्रीकमध्ये एकच सलग वाक्य आहे. आमचे दस्तलेखक लांबलचक वाक्यांसाठी प्रसिद्ध, पण इतकं लांब वाक्य मी खरेदीखतातही पाहिलं नाही. आणि हे लिहिणारा माणूस त्या वेळी कैदेत होता. म्हणजे घर, पैसा, तब्येत, सुटका यांपैकी काही हाती असल्यामुळे तो धन्यवाद करत नव्हता, एवढं तरी निश्चित.

त्या यादीत निवड आहे, मुक्ती आहे, पापांची क्षमा आहे, वतन आहे. पण माझी नजर अडते ती पाचव्या वचनावर. देवाने आपल्याला येशू ख्रिस्ताच्या द्वारे स्वतःचे दत्तक होण्यासाठी आधीच नेमलं, असं तिथे लिहिलं आहे.

दत्तक म्हटलं की सातारकराला 1848 आठवतं. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना ईस्ट इंडिया कंपनीने 1839 मध्ये गादीवरून काढलं होतं. त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब 1848 मध्ये वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता, पण गव्हर्नर जनरल डलहौसीने तो मानला नाही आणि राज्य खालसा झालं. त्याचं तत्त्व मोठं चलाख होतं: दत्तक पुत्र खासगी मालमत्तेचा वारस होईल, राज्याचा होणार नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते याच लंडनमध्ये येऊन राहिले होते, एकदोन नव्हे, बारा-तेरा वर्षं. कंपनीची कचेरी लेडनहॉल स्ट्रीटवर होती, आज तिथे लॉइड्सची इमारत आहे. तुमच्यापैकी कुणी त्या भागात नोकरीला असेल तर जेवणाच्या सुट्टीत एकदा रंगो बापूजींची आठवण काढा. छत्रपतींचा वकील त्या दारात किती वेळा उभा राहिला असेल!

पौल ज्या रोमन जगात वावरत होता तिथेही दत्तक ही सत्तेची गोष्ट होती. ऑगस्टस हा ज्युलियस सीझरचा दत्तक पुत्र. ऑगस्टसने पुढे तिबेरियसला दत्तक घेतलं तेव्हा तिबेरियस चाळिशी ओलांडलेला होता, आणि याच तिबेरियसच्या कारकिर्दीत येशूला वधस्तंभावर दिलं गेलं. मोठ्या माणसाला दत्तक घेणं आपल्यालाही नवं नाही. मुंबई इलाख्यात लग्न झालेल्या, पोरंबाळं असलेल्या गृहस्थालाही दत्तक घेण्याची चाल होती. म्हणजे दत्तक हे अनाथ बाळावर केलेली दया एवढंच नसतं. त्याने नाव बदलतं, कूळ बदलतं, वारसा बदलतो. डलहौसीने केलेला भेद पौलाच्या पत्रांत नाही. रोमकरांस लिहिताना तो विश्वासणाऱ्यांना थेट देवाचे वारस म्हणतो, ख्रिस्ताबरोबर सोबतीचे वारस.

1956 च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याचं कलम 15 मी कितीदा तरी पक्षकारांना वाचून दाखवलं असेल. वैध दत्तक दत्तक घेणाऱ्यालाही रद्द करता येत नाही, आणि दत्तक गेलेल्यालाही ते झुगारून जन्मघरी परतता येत नाही. मुलगा पुढे उधळा निघाला तरी तो मुलगाच. भर कोर्टात "साहेब, हा आमचा नाही असं लिहून द्या" म्हणणारे बाप मी पाहिलेत. लिहून देता येत नाही. विश्वासणाऱ्याला मिळालेला आशीर्वाद किती पक्का, हे मला उपदेशांपेक्षा या कलमाने जास्त शिकवलं, असं म्हटलं तर आमचे पाळक साहेब रागावतील. रागावू देत.

गंमत अशी की हा कायदा आम्हा ख्रिस्ती लोकांना लागूच नव्हता. आमच्या मूल नसलेल्या जोडप्यांना 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करावा लागे, आणि मिळे ते फक्त पालकत्व. मूल सज्ञान झालं की ते संपलं. वारसाहक्क नाहीच. 2000 च्या बाल न्याय कायद्याने आणि 2006 च्या त्यातल्या दुरुस्तीने तो मार्ग खुला केला. त्याआधी अशी कागदपत्रं तयार करताना बाईच्या डोळ्यांत मला एकच प्रश्न दिसायचा: आम्ही याचे आईबाप की सांभाळणारे? पौलाने गलतीकरांच्या पत्रात नेमका हाच फरक सांगितलाय. मूल पालक आणि कारभारी यांच्या ताब्यात असतं तेव्हा त्याच्यात आणि दासात फरक नसतो. नेमलेली वेळ आली तेव्हा देवाने आपला पुत्र पाठवला, तो आपल्याला दत्तकपण मिळावं म्हणून. नाताळ म्हणून आपण साजरा करतो तो हाच प्रसंग. गोठा आणि मेंढपाळ त्याच्या भोवतीचे.

मुक्ती आणि क्षमा यांवर आज मी फार बोलत नाही, वेळ थोडा आहे आणि मागच्या रांगेतल्यांना भूक लागलेली दिसते. पण विसाराबद्दल बोललंच पाहिजे. चौदाव्या वचनात पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा विसार म्हटलंय. जमीनजुमल्याचे व्यवहार केलेल्यांना विसार म्हणजे काय हे सांगायला नको. साठेखताच्या वेळी रक्कम हातात पडते, विकत घेणारा मागे फिरला तर ती बुडते, आणि व्यवहार पुरा झाला तर तीच रक्कम किमतीत जमा धरली जाते. इथे विसार देणारा देव आहे. माघार घेतली तर अब्रू त्याची जाणार. दुसरं म्हणजे विसार हा किमतीचाच भाग असतो. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कधीमधी दिसणारी माया, वैऱ्याला केलेली क्षमा, मयताच्या घरी रात्रभर चाललेलं भजन, हे सगळं पुढे मिळायच्या वतनाच्याच जातीचं आहे. थोडं आहे, पण खोटं नाही.

हल्ली आपल्याकडेही आणि इथेही काही प्रचारक सांगतात की विश्वास ठेवला की व्हिसा होईल, घर होईल, आजार पळेल. मी त्यांना एवढंच विचारतो की हे दस्तात कुठे लिहिलंय ते दाखवा. पत्रात मागणं आहे ते अंतःचक्षू प्रकाशित व्हावेत याचं. आजाऱ्यासाठी आम्ही प्रार्थना करतोच, कळकळीने करतो, पण तो या दस्तातला करार नाही.

आता अवघड भाग. या पत्रातले आशीर्वाद जवळजवळ सगळे अनेकवचनी आहेत. "आपल्याला" निवडलं, "आपल्याला" क्षमा मिळाली. एकट्याच्या नावाचा उतारा निघतच नाही, सामाईक खातं आहे. दत्तक गेलेल्याला भावंडं निवडता येत नाहीत. दुसऱ्या अध्यायात यहूदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, यांच्यामधली भिंत ख्रिस्ताने पाडली असं आहे. यरुशलेमच्या मंदिरात असा कठडा खरोखर होता. पलीकडे जाणाऱ्या परक्याचं मरण त्याच्याच माथी, असा इशारा कोरलेला दगड 1871 मध्ये सापडला आणि तो आज इस्तंबूलमध्ये आहे. पौलाला जमावाने धरलं तेही त्रफिम नावाच्या इफिसकराला त्याने मंदिरात आत नेलं, या संशयावरून. तेव्हा इफिसकरांना भिंतीविषयी लिहिणाऱ्याने भिंतीची किंमत मोजलेली होती.

आमच्या भिंतींचं काय? सातारा-सांगलीकडच्या मंडळ्यांत महारवाड्यातून आलेले, मांगवाड्यातून आलेले, थोडे ब्राह्मण-मराठा घरांतून आलेले लोक एकाच भाकरीतून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा प्रसाद, घेतात. आणि मुलीचं स्थळ बघायची वेळ आली की हळूच विचारतात, "मूळचे कुठले हो?" मी स्वतः हे कुजबुजणं ऐकत मोठा झालो. ही माहिती विचारणं नव्हे, तो कठडाच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे जाचलं असणार. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यात राहिले आणि 'देवाचा दरबार' त्यांनी मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एकच बंधुभाव असावा म्हणून. 1919 मध्ये ते गेले. दरबार वाढायला वेळच मिळाला नाही. तो नीट उभा राहिला असता तर आमच्या मंडळ्या वेगळ्या दिसल्या असत्या, असं मला वाटतं. पुष्कळ पाळकांना तसं वाटत नाही, बाप्तिस्म्याचं महत्त्व कमी होतं म्हणतात. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

तिसऱ्या अध्यायात पौल मागतो की ख्रिस्ताच्या प्रीतीची रुंदी, लांबी, उंची, खोली तुम्हाला उमगावी, आणि लगेच अट घालतो: सर्व पवित्र जनांसह, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांसह. म्हणून दर रविवारी मी इथल्या कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये जातो. नायजेरियाच्या बाई बाजूला बसतात, पलीकडे एक पोलिश कुटुंब. उपदेशातलं निम्मं उच्चारांमुळे निसटतं, गाण्याची चाल माहीत नसते. बाई पुस्तकाचं पान काढून माझ्यापुढे धरतात, आणि मी माझ्या सातारी इंग्रजीत त्यांच्याबरोबर गातो.