पाडताना बाही सोडायची नाही

नमस्कार मंडळी! मागे दिसते आहे ती आमच्या गावातल्या समाजमंदिराची खोली, इथेच आम्ही ज्युदो शिकतो. जिल्हा भंडारा, चारी बाजूंना धानाच्या बांध्या. खाली अंथरलंय ते तणस भरलेली पोती आणि वरून ताणलेली ताडपत्री. जपानी ततामीचा, म्हणजे तिथल्या जाड चटईचा, गाभाही पूर्वापार भाताच्या पेंढ्याचाच, त्यामुळे मला आमची ही जागा कधी कमी वाटली नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एका छोट्या मंदिरात ज्युदो शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याकडेही १२ ततामींएवढीच जागा होती.

पहिले दोन महिने सरांनी आम्हाला कुणाला पाडूच दिलं नाही. नुसतं पडायचं. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, पाठ गोल. पाठ टेकली की त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, सपकन जमिनीवर. ही उकेमी, म्हणजे लागू न देता पडायची पद्धत. माणूस घाबरला की तळहात मागे टेकवतो आणि मनगट जातं. ती सवय मोडायला शेकडो वेळा पडावं लागतं. पुढे रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांची पेंडी घेऊन धुऱ्यावरून घसरले, तेव्हा हनुवटी आपोआप आत गेली होती.

पण मला खरं शिकवलं ते बाहीनं. ज्युदोत तुम्ही समोरच्याला फेकता, तेव्हा त्याची बाही शेवटपर्यंत धरून किंचित वर ओढायची असते, म्हणजे तो डोक्यावर किंवा खांद्यावर न आदळता पाठीवर नीट पडतो. एकदा सरावात माझा डाव बसला आणि आनंदाच्या भरात मी बाही सोडली. मैत्रिणीचा खांदा सुजला. सर ओरडले नाहीत. म्हणाले, "पंधरा दिवस आता तू पडायचं, ती पाडेल." तिनं प्रत्येक वेळी माझी बाही धरली. प्रत्येक वेळी! मला रडू आलं होतं.

कानोंचं एक सूत्र आहे, जिता क्योएई. म्हणजे आपलं आणि दुसऱ्याचं, दोघांचं भलं सोबतच. मला ते नहराच्या पाण्यावरून कळलं. पाळीवरून काकांशी आमचा वाद झाला, गावानं आमची बाजू धरली. घरी सगळे खूश. पण काकांच्या बांधीला भेगा पडलेल्या मला दिसत होत्या. बाबांना म्हटलं, "आपली बांधी भरली की पाणी तोडून खाली सोडू." बाबा बराच वेळ गप्प बसले. मग कुदळ घेऊन माझ्यासोबत आले. काका अजून फारसं बोलत नाहीत, पण त्यांची धाकटी आता इथे शिकायला येते.

चला, तिलाच बोलावते आणि बाही कशी धरायची ते हळूहळू दाखवते. तुम्ही मात्र घरी आधी उकेमी करा. जाड गादीवर, उकिडवं बसून. हनुवटी आत.