आकडा तीनशेच्या वर गेला तेव्हा : 'सायको-पास'चा पहिला भाग

मंडळी, 'सायको-पास' ह्या जपानी अ‍ॅनिमे (म्हणजे अ‍ॅनिमेशन) मालिकेचा पहिला भाग आत्ता आपण एकत्र पाहिला. हा भाग संपला की प्रेक्षकांत भांडण लागतं आणि ते बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून लागतं. त्सुनेमोरी आकाने ही नवी इन्स्पेक्टर नोकरीच्या पहिल्याच रात्री आपल्याच हाताखालच्या माणसाला, कोगामीला, आडवं करते. हे शहाणपण की भाबडेपणा? मला त्या भांडणात पडायचंच आहे, पण त्याआधी थोडं मागे जायचंय. कारण आकाने चुकली की नाही हे ठरवणारे आपण, त्याच्या काही मिनिटं आधी स्वतः एक निकाल देऊन बसलेलो असतो. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

थोडी पार्श्वभूमी. हा भाग 11 ऑक्टोबर 2012ला फुजी टीव्हीवर 'नोइतामिना' ह्या रात्री उशिराच्या कार्यक्रमात लागला. प्रॉडक्शन आय.जी.ची निर्मिती, शिओतानी नाओयोशी दिग्दर्शक. लेखक उरोबुची गेन. त्याच्या आदल्याच वर्षी ह्या लेखकाने जादूच्या शक्ती मिळालेल्या शाळकरी मुलींची गोष्ट सांगता सांगता प्रेक्षकांना चांगलंच हादरवलं होतं, त्यामुळे त्याचं नाव पाहून बसलेले लोक सावध होते. पण मला त्याच्याइतकाच महत्त्वाचा वाटतो तो मोतोहिरो कात्सुयुकी, ह्या मालिकेचा मुख्य दिग्दर्शक. हा मूळचा अ‍ॅनिमेवाला नव्हे. जपानमध्ये तुफान चाललेली पोलिसांवरची मालिका आणि तिचे चित्रपट ह्यांमुळे तो नावारूपाला आला. तिथले पोलीस म्हणजे कचेरीतले नोकरदार, ज्यांना वरिष्ठ आहेत, कागदपत्रं आहेत, हद्दी आहेत. तो वास इथेही येतो. पावसात उभा असलेला गिनोझा, आकानेचा सहकारी इन्स्पेक्टर, नव्या मुलीला काम समजावतो तो एखाद्या कंटाळलेल्या हेडक्लार्कसारखा. "हे एन्फोर्सर (म्हणजे कोगामीसारखे इन्स्पेक्टरच्या हाताखालचे, गुन्ह्याकडे कल असलेले ठरवले गेलेले लोक) आपल्यासारखी माणसं नाहीत" असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ, आणि तो हे रोजचं काम सांगावं तसं सांगतो. मला त्या रात्रीतल्या रक्तापेक्षा हे जास्त भयानक वाटलं.

आता यंत्रणा. साल 2112. सिबिल नावाची व्यवस्था प्रत्येकाचं मन मोजते आणि गुन्ह्याकडे किती कल आहे त्याचा आकडा देते. पोलिसांच्या हातात डॉमिनेटर नावाची बंदूक. आकडा शंभरच्या खाली असेल तर तिचा चापच ओढला जात नाही. शंभर ते तीनशेच्या मध्ये असेल तर माणूस बधिर होऊन पडतो. तीनशे ओलांडले की माणसाच्या चिंधड्या. कुणाला मारायचं हा प्रश्न पोलिसाला पडूच नये अशी ही सोय आहे. बंदूक त्याच्या कानात सांगते, तो चाप ओढतो.

ओकुरा नावाचा एक माणूस रस्त्यावरच्या स्कॅनरमध्ये सापडतो. उपचाराला जाण्याऐवजी पळतो आणि वाटेत एका बाईला ओलीस धरतो. सगळं संपलंच आहे तर आता मनाला येईल ते करू, असा त्याचा हिशोब. तिच्यावर तो जे करतो ते आपण पाहिलं. मासाओका हा आणखी एक एन्फोर्सर त्याला बधिर करायचा प्रयत्न करतो, पण तो उत्तेजक औषधं घेऊन बसलाय, उपयोग होत नाही. मग आकडा चढतो आणि कोगामी त्याला उडवतो. आता प्रामाणिकपणे सांगा, त्या क्षणी किती जणांना वाईट वाटलं? दुःख सोडाच, सुटल्यासारखं वाटलं. आकड्याने दिलेला निकाल आपण मान्य केला. आकडा कसा काढतात हे आपण विचारलं नाही. चौकशी, वकील, न्यायालय ह्यांची आठवणही झाली नाही.

आणि लगेच तीच बंदूक त्या बाईकडे वळते. तिचाही आकडा शंभरच्या वर गेलाय, कारण इतका वेळ तिने जे भोगलं त्याने तिचं मन गढूळ झालंय. यंत्राला भीती आणि हिंसेची इच्छा ह्यांत फरक करता येत नाही. इथे आपण एकदम ओरडतो की, अरे, ती तर बळी आहे! पण नियम बदललेला नाही. बदलली ती फक्त आपली सहानुभूती. उरोबुचीची चलाखी इथे आहे. आधी आपल्याकडून सही करून घेतो आणि मग कागद वाचून दाखवतो.

आकानेवर टीका करणाऱ्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. मासाओका त्या बाईला बधिरच करणार होता, ठार नव्हे. आकाने मध्ये पडली, बाई घाबरून पळाली, आणि पुढे सांडलेल्या तेलाच्या शेजारी हातात लायटर घेऊन उभी राहिली. आकडा तीनशेच्या पुढे गेला तो त्यानंतर. म्हणजे आकानेच्या दयेने तिला मरणाच्या दारात नेलं, असं कुणी म्हटलं तर पटकन खोडता येत नाही. कथेने तिला संतपण दिलेलं नाही ही ह्या भागाची खरी ताकद. तिने गोंधळ घातला आणि मग तो स्वतःच निस्तरायचा प्रयत्न केला.

निस्तरते कशी, तेही बघा. कोगामीला थांबवायला ती त्याच्यावर डॉमिनेटर चालवते. हा डॉमिनेटर त्याच्यावर का चालतो? कोगामीचा आकडा शंभरच्या वर आहे म्हणून. एन्फोर्सर हे सगळे सुप्त गुन्हेगार, पट्टा बांधून शिकारीला सोडलेले. तोच प्रसंग उलटा असता, कोगामीने तिला थांबवायचं ठरवलं असतं, तर बंदूक हलली नसती. ज्या आकड्याविरुद्ध ती उभी राहतेय, त्याच आकड्याच्या जोरावर ती जिंकते. तिला बंडखोर नायिका म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी हे विसरू नये. पुढे ती बाईशी बोलते, आकडा तीनशेच्या खाली येतो, आणि गिनोझा मागून येऊन बधिर करणारा मारा करतो. काम फत्ते, नियम शाबूत.

आणखी एक आक्षेप आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. एका बाईच्या देहावरचा अत्याचार हा इथे तत्त्वचर्चेचं इंधन झालाय. ती बाई कोण, काय करते, ह्यात कथेला रस नाही. तिचं काम आकडा वर-खाली करणं एवढंच. लेखकाला मुद्दा मांडायला हाच मार्ग होता असं मी म्हणणार नाही. ज्यांना हा भाग अर्ध्यात बंद करावासा वाटला त्यांना मी नाजूक म्हणणार नाही.

"हे सगळं कल्पित आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी शिकागोचं उदाहरण. हा भाग लागला 2012मध्ये. 2013च्या सुमारास शिकागो पोलिसांनी अशी यादी वापरायला सुरुवात केली, जिच्यात माणसांना 500पर्यंतचे गुण दिले जात. कुणाचा हिंसाचाराशी संबंध येण्याची शक्यता किती, ह्याचा तो अंदाज. हे गुण कशावर ठरत? अटकेच्या नोंदी होत्याच, पण तुमच्यावर पूर्वी कुणी गोळी झाडली असेल, तुम्ही हल्ल्याचे बळी असाल, तर तेही गुण वाढवायला कारण होतं. गोळी खाल्लेला माणूस आणि गोळी झाडणारा माणूस एकाच रकान्यात. 2019मध्ये ती यादी बंद झाली. त्या बाईचा आकडा का चढला हे ज्यांना न पटणारं वाटलं, त्यांनी त्या रकान्याचा विचार करावा.

आणि आपल्याला तर इतकं लांब जायचीही गरज नाही. गुन्हा करायच्या आधीच गुन्हेगार ठरवायला यंत्र लागत नाही, कायदा पुरतो. इंग्रजांनी 1871मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, 1911च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत आणला. हजेरी, बोटांचे ठसे, गाव सोडायचं तर परवानगी. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे ह्या जमातींसाठीच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली होती, जन्माला आलेल्या लेकरासकट. हा कायदा रद्द झाला 1952मध्ये. ह्या मालिकेत कागारी नावाचा जो थट्टेखोर एन्फोर्सर दिसतो, तो पाच वर्षांचा असताना स्कॅनमध्ये नापास झाला आणि तेव्हापासून कोंडला गेला, हे पुढे कळतं. टोकियोतल्या प्रेक्षकाला ती भविष्याची कल्पना वाटत असेल. सोलापुरातल्या एखाद्या म्हाताऱ्याला ती आजोबांची गोष्ट वाटेल.

एक प्रश्न आत्ताच चिठ्ठीवर आलाय, तो घेतो. "आकानेच्या बोलण्याने आकडा खाली आला, म्हणजे यंत्रणा नीट मोजतेय असंच ना?" चांगला प्रश्न आहे. हो, त्या क्षणी ती नीट मोजते. बाई शांत झाली, आकडा उतरला. पण मग काही सेकंदांपूर्वीच्या आकड्यावर तिला ठार करणं योग्य होतं का? कोगामी चाप ओढायलाच निघाला होता. मोजमाप बरोबर असू शकतं आणि त्यावरून घेतलेला निर्णय साफ चुकीचा असू शकतो. थर्मामीटरने ताप 104 दाखवला म्हणून कुणी रोग्याला पुरत नाही. सिबिलचे कर्ते ही गोष्ट विसरले की त्यांनी ती मुद्दाम बाजूला ठेवली, ह्याचं उत्तर मालिका बरंच पुढे देते. ते मी फोडणार नाही, ज्यांनी पाहिलंय त्यांनीही फोडू नये.

आता दुसरा भाग लावतोय. कोगामी इस्पितळात आहे, आकाने मैत्रिणींपुढे नव्या नोकरीचं रडगाणं गातेय. ह्या भागात मारामारी कमी आहे, त्यामुळे मघाशी बाहेर जाऊन बसलेल्यांनी आत यायला हरकत नाही.