लायसन्स मिळालं, पण धाकट्या दोघांना गाडीत घ्यायचं नाही!

नमस्कार मंडळी! हे माझ्या हातात दिसतंय? लाल, चमकणारी एवढीशी पट्टी. चार डॉलरला जोडी. आमच्या न्यू जर्सीत सतराव्या वर्षी प्रोबेशनरी, म्हणजे अटींवरचं लायसन्स मिळालं की ही पुढच्या-मागच्या नंबर प्लेटवर डावीकडे वर लावायची. मागे वेल्क्रो आहे. लेक गाडी घेऊन निघाली की लावायची, मी चालवायला बसले की चर्रर्र करून काढायची. दिवसातून चार वेळा हेच.

पट्टी म्हणजे पोलिसांना सांगणं, की हिला दोन बंधनं आहेत. रात्री ११:०१ ते पहाटे ५ गाडी चालवायची नाही. हो, अकरा वाजून एक मिनिट! आणि गाडीत आई-वडील नसतील तर एकच माणूस बसवायचा.

या दुसऱ्या नियमात आपण आई-बापच गोंधळ घालतो. 'अगं, येताना दोघा धाकट्यांना क्लासवरून घेऊन ये,' असं मी अगदी सहज म्हणून गेले होते. घरच्यांना चालत असेल, असंच मला वाटायचं. नाही चालत! पूर्वी घरच्यांना सूट होती, २०१० पासून ती गेली. एक भाऊ चालेल, दोन नाही. पकडलं तर शंभर डॉलर दंड, तोही तिच्याच नावावर.

पट्टीचा नियमही २०१० चाच. 'काइलीज लॉ' म्हणतात. काइली सोळा वर्षांची होती, २००६ मध्ये कार अपघातात गेली. ती चालवत नव्हती, नुसती गाडीत बसली होती. पट्टीमुळे गाडीत कोवळी मुलं आहेत हे कुणालाही ओळखू येतं, या भीतीने काही पालक कायद्याविरुद्ध कोर्टात गेले होते. २०१२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने कायदा कायम ठेवला. ती भीती मलाही पटते, खोटं कशाला बोलू?

पण मागच्या सीटवर तीन मैत्रिणी, गाणी, हसणं, 'ए, हे बघ ना', आणि पुढे अंधार. वीस वर्षं चालवून माझंही लक्ष उडेल. हिच्या हाती गाडी येऊन तर चार महिने झालेत. आपल्याकडे अठराव्या वर्षी लायसन्स आलं की त्याच रात्री पाच जणांना घेऊन लोणावळ्याला निघायला मोकळे!

नोकरी किंवा धार्मिक कारणासाठी वेळेत सूट मिळू शकते, पण कागद जवळ हवा. गणपतीच्या नाटकाची तालीम हे धार्मिक कारण, असं लेकीचं म्हणणं. छान प्रयत्न होता.

गेल्या शनिवारी तीच तालीम लांबली. अकराला दहा कमी असताना तिचा फोन आला, 'आई, आता निघाले तर पोचेन का?' घर पंचवीस मिनिटांवर. बाबा जाऊन तिला घेऊन आले. गाडी रात्रभर हॉलच्या पार्किंगमध्ये, लाल पट्टीसकट. रविवारी सकाळी ती आणायला गेलो, तर धाकटे दोघंही यायला तयार.

मग काय, मीही बसले शेजारी.