१२१ मॅच हरायला काय लागतं? व्हाइट सॉक्सचं २०२४, एकदाच आणि शेवटचं

नमस्कार मंडळी. आज हा व्हिडिओ एकदाचा करून टाकते, कारण बेसबॉलवर मी काहीही टाकलं, अगदी ग्लव्ह कसा निवडायचा यावर टाकलं तरी खाली एक कमेंट ठरलेली असते, "ताई, ती शिकागोची टीम १२१ मॅच कशी हरली ते सांगा ना". आणि तिच्या खाली दुसरी ठरलेली, "त्यात काय एवढं, आमची मुंबई इंडियन्स पण १४ पैकी १० हरली होती". पहिलीचं उत्तर मी दोन वाक्यांतही दिलं असतं. हा व्हिडिओ त्या दुसऱ्या कमेंटसाठी आहे.

बेसिक पटकन उरकते. मेजर लीग म्हणजे अमेरिकेतली बेसबॉलची सगळ्यात वरची लीग, तिच्यात ३० टीम्स, प्रत्येकीच्या १६२ मॅच, मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर जवळजवळ रोज खेळायचं. शिकागोत दोन टीम, उत्तरेला कब्ज, दक्षिणेला व्हाइट सॉक्स. आमच्या घरात नवरा कब्जवाला, मी सॉक्सवाली, त्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्यात मी त्याच्याशी नक्की काय काय विषयांवर बोलणं टाळलं ते विचारू नका.

आकडा सगळ्यांना पाठ आहेच. ४१ जिंकल्या, १२१ हरल्या. १९०० नंतर एका सीझनमध्ये इतक्या मॅच कुणीच हरलेलं नव्हतं. आधीचा रेकॉर्ड १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा, १२० पराभव. (हो, मेट्सच्या १६०च मॅचचे निकाल लागले होते आणि ४० जिंकले, म्हणजे टक्केवारीत ते किंचित खालीच. हे मला दर वेळी कमेंटमध्ये समजावून सांगणाऱ्या दादांना नमस्कार, कळलंय मला.) पण मेट्सचं ते पहिलंच वर्ष होतं हो, नवीकोरी टीम, बाकीच्यांनी नको असलेले प्लेयर दिलेले. व्हाइट सॉक्स १९०१ पासून लीगमध्ये आहे, २००५ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकलीये, आणि २०२१ ला, म्हणजे तीनच वर्षं आधी, ९३ मॅच जिंकून डिव्हिजन, म्हणजे आपला गट, मारली होती. ९३ वरून ४१.

आता ती मुंबईवाली कमेंट. नीट ऐका, कारण सगळे इथेच घसरतात.

२०२४ ला मुंबई इंडियन्स टेबलमध्ये शेवटची, १४ पैकी ४ जिंकल्या. शंभरात मांडलं तर साडेअठ्ठावीस. सॉक्सचं शंभरात मांडलं तर पंचवीस. शेजारी शेजारी ठेवले तर तुम्ही म्हणणार, बघा ताई, सारखंच आहे की, उगाच बाऊ करताय. नाहीये सारखं. आयपीएलमध्ये शेवटच्या टीमने ४ जिंकणं हे दरवर्षीचं आहे, २०२२ ला मुंबई शेवटची ४ जिंकून, २०२४ ला परत मुंबई ४ जिंकून, २०२५ ला चेन्नई शेवटची, ती पण ४ जिंकून. कुणी त्यावर इतिहास लिहीत नाही. बेसबॉलमध्ये मात्र शेवटची टीमसुद्धा साधारण ५०-६० मॅच जिंकून जाते, आणि त्याच २०२४ ला वर्ल्ड सिरीज जिंकलेली डॉजर्स, ज्यात ओहतानी आहे, बेट्स आहे, फ्रीमन आहे, ती रेग्युलर सीझनमध्ये ६४ मॅच हरलेली. ६४! म्हणजे सगळ्यात भारी टीम पाचातल्या दोन हरते. या खेळात वरचा फार वर जात नाही आणि खालचा फार खाली जात नाही.

नाही पटलं? दुसरीकडून सांगते. बेसबॉलवाल्यांमध्ये एक जुनं बोलणं आहे की प्रत्येक टीम ५४ मॅच जिंकणारच, ५४ हरणारच, आणि उरलेल्या ५४ मध्ये तुम्ही काय करता त्यावर सीझन ठरतो. म्हणजे पहिल्या ५४ फुकटातल्या, नुसते युनिफॉर्म घालून मैदानात आलात तरी मिळणाऱ्या. सॉक्सने त्या फुकटातल्या पण पूर्ण घेतल्या नाहीत, १३ कमी पडल्या. हे खरंच सोपं काम नाही.

तरीही एक जण लिहिणारच की "पण टक्केवारी तर सारखीच". अहो दादा, नाणं चौदा वेळा उडवा, चारदाच छापा पडला तर तुम्हाला काही वाटणार नाही. तेच १६२ वेळा उडवा आणि ४१ दाच छापा पडू दे, तुम्ही नाणं उलटंपालटं करून बघाल की हे बनावट आहे का. मॅच जितक्या जास्त तितकं नशीब धुतलं जातं आणि खाली टीमची खरी लायकी उरते. चौदा मॅचमध्ये चांगली टीमसुद्धा वाईट दिसू शकते, १६२ मध्ये लपायला जागाच नाही. आता पुन्हा कुणी मुंबई इंडियन्स लिहिलं तर मी फक्त या मिनिटाची लिंक टाकणार आहे.

आणि कमकुवत टीम एरवी जिंकते कशी, तर पिचरमुळे, म्हणजे बॉल टाकणाऱ्यामुळे. रोज वेगळा स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर, येतो, एकाची पाळी साधारण पाचव्या दिवशी, त्यामुळे तुमच्याकडे एक जरी भारी पिचर असला तरी त्या दिवशी तुम्ही कुणालाही हरवू शकता. सॉक्सकडे तो होता! गॅरेट क्रोशे. १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट (म्हणजे पिचरने एकट्याने काढलेले आउट), ऑल-स्टार टीममध्ये निवड, आणि त्याच्या नावावर रेकॉर्ड काय (बेसबॉलमध्ये विजय-पराभव पिचरच्याही नावावर लिहितात), तर ६ विजय १२ पराभव. कारण बॅटिंग. अख्ख्या सीझनमध्ये ५०७ रन, ३० टीम्समध्ये सगळ्यात कमी, म्हणजे मॅचला जेमतेम तीन. खाल्ले, म्हणजे समोरच्यांनी केले, ८१३, मॅचला पाच. बेसबॉलचे आकडेवाले लोक केलेल्या आणि खाल्लेल्या रनांचे वर्ग करून एक हिशोब मांडतात की एवढ्या रनांत किती मॅच जिंकायला हव्या होत्या, तो मांडला तर ४५ येतात. आले ४१. म्हणजे नशीब खराब होतं ते चार मॅचपुरतं. "अनलकी होते बिचारे" म्हणणाऱ्यांना हे.

बरं, आता कशामुळे झालं. एका माणसावर ढकलता येत नाही, पण क्रम बघा. २०२३ ला १०१ मॅच हरले, त्या ऑगस्टमध्ये मालक जेरी राइन्सडॉर्फने वरची दोन माणसं काढली, केनी विल्यम्स आणि रिक हान, आणि बाहेर कुणाला शोधायला न जाता घरातल्याच क्रिस गेट्झला जनरल मॅनेजर, म्हणजे टीम बांधणारा, केलं. सीझन सुरू व्हायच्या आधीच मार्चमध्ये नंबर एकचा पिचर डिलन सीज सॅन दिएगोला विकला (त्याने जुलैमध्ये तिकडे जाऊन नो-हिटर टाकली, म्हणजे समोरच्यांना अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट दिली नाही, मी ती बघितली, मजा नाही आली). लुईस रॉबर्ट, आदल्या वर्षी ३८ होमरन मारलेला, एप्रिलच्या सुरुवातीलाच जखमी. योआन मोंकाडा पण एप्रिलमध्येच गेला. पहिल्या २५ मॅचमध्ये ३ विजय. मग जुलैअखेर जे काही विकण्यासारखं उरलं होतं, एरिक फेड्डी, टॉमी फॅम, मायकल कोपेक, तेही विकलं. कोपेक गेला डॉजर्सकडे आणि ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकला. बाहेर पडलेल्या प्रत्येकाचं भलं झालं असं त्या वर्षी वाटायचं.

मे महिन्यातली एक मॅच सांगायलाच हवी. २३ मे, बॉल्टिमोरविरुद्ध, शेवटची नववी इनिंग, सॉक्स मागेच, पण ८-६ पर्यंत आलेले, रनर बेसवर, एकच आउट. बेनिन्टेंडीने बॉल वर उडवला, इनफिल्ड फ्लाय, म्हणजे बॅटर आपोआप आउट, ठीक आहे. पण दुसऱ्या बेसवरचा अँड्र्यू व्हॉन परत फिरताना शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या) वाटेत आला असं म्हणून अंपायरने त्यालाही आउट दिलं. एका उडालेल्या बॉलवर दोन आउट, एकूण तीन झाले, म्हणजे इनिंग संपली आणि मॅच खल्लास. शॉर्टस्टॉपने तो कॅच आरामात घेतला होता हो! मी त्या रात्री किचनमध्ये एकटीच ओरडत होते, आणि नवरा आत येऊन विचारतो, "काही सांडलं का?"

जुलै-ऑगस्टमध्ये ओळीने २१ हरले, अमेरिकन लीगमधल्या (मेजर लीगचा अर्धा भाग, सॉक्स त्यातच) रेकॉर्डशी बरोबरी. १९८८ चे बॉल्टिमोर ओरिओल्स सीझनच्या पहिल्याच २१ हरले होते, तो रेकॉर्ड. ६ ऑगस्टला ओकलंडविरुद्ध ५-१ जिंकून ती माळ तुटली, आणि ८ ऑगस्टला मॅनेजर, म्हणजे आपल्याकडचा कोच, पेद्रो ग्रिफोलला काढलं. २१ हरेपर्यंत ठेवला, एक जिंकल्यावर काढला. (माहितीये, एवढी साधी गोष्ट नसते. पण तारखा बघा ना!) त्याच्या जागी ग्रेडी साइझमोर, त्याने उरलेल्या ४५ पैकी १३ जिंकल्या.

आई त्या उन्हाळ्यात सांगलीहून आली होती, तिला मॅचला घेऊन गेले. पुढच्या रांगेत दोघं टीमच्या लाजेने तोंड लपवायला डोक्यावर कागदी पिशव्या घालून बसलेले, डोळ्यांना भोकं पाडलेली. आईला वाटलं उन्हासाठी. मग तिने स्कोअर विचारला, कालचा विचारला, परवाचा विचारला, आणि म्हणाली, "उद्या पण आहे होय रे देवा?" त्या वर्षी स्टेडियममध्ये कॅम्पफायर मिल्कशेक नावाचा प्रकार फार गाजला, वरून भाजलेला मार्शमॅलो वगैरे, आणि शिकागोत सगळे म्हणत होते की टीमचं सगळ्यात चांगलं साइनिंग, म्हणजे नवीन घेतलेला प्लेयर, तोच. आईने अर्धा प्यायला. गोड फार आहे म्हणाली.

आता कमेंटमधला दुसरा आवडता सिद्धांत, की मुद्दाम हरले, ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम दरवर्षी नवे प्लेयर निवडतात त्यात, पहिला नंबर मिळावा म्हणून. एक मिनिट. ड्राफ्टचे पहिले सहा नंबर लॉटरीने ठरतात. आणि नियम असा की ज्या टीम कमाईच्या वाटपात पैसे भरणाऱ्या आहेत, म्हणजे मोठ्या शहरातल्या, त्यांना लागोपाठ दोन वर्षं लॉटरीतला नंबर मिळत नाही. सॉक्सला २०२४ ला पाचवा मिळाला होता. त्यामुळे १२१ हरूनसुद्धा २०२५ च्या ड्राफ्टमध्ये त्यांचा नंबर कितवा? दहावा. त्याहून वर जायची मुभाच नव्हती, आणि हे त्यांना सीझनच्या आधी माहीत होतं. मग २०२५ ला जरा सुधारले, ६० जिंकल्या, १०२ हरल्या, आणि त्या डिसेंबरच्या लॉटरीत २०२६ साठी पहिला नंबर लागला. १२१ ला दहावा, १०२ ला पहिला. घ्या.

"फिक्सिंग असेल" म्हणणाऱ्यांनो, या टीमचा तो इतिहास खरा आहे, पण १९१९ चा. वर्ल्ड सिरीज मुद्दाम हरल्याबद्दल आठ प्लेयर कायमचे बॅन झाले होते. २०२४ मध्ये तसलं काही नव्हतं, आणि २१ ओळीने हरायला कोण कुणाला पैसे देईल!

"खालच्या लीगमध्ये का ढकलत नाहीत" हा प्रश्न फुटबॉलवाले विचारतात. अमेरिकेत ती भानगडच नाही, ३० टीम म्हणजे ३० टीम, शेवटी आलात तरी पुढच्या वर्षी तिथेच. मालकाला धाक कसला? म्हणून तर शेवटी लोक स्टेडियममध्ये ओरडायला लागले, टीम विका, टीम विका.

आणि ते ओरडणं कधी चालू होतं माहितीये? जिंकत असताना. १२० वा पराभव झाला सॅन दिएगोत, २२ सप्टेंबरला, मग टीम घरी आली, समोर एंजल्सची टीम, लोक नवा रेकॉर्ड डोळ्यांनी बघायला तिकीट काढून आलेले, आणि हे पठ्ठे तिन्ही मॅच जिंकले. लोक वैतागले अक्षरशः. मग २७ तारखेला डेट्रॉइटला ४-१ हरून १२१ झाले, आणि त्याच मॅचने डेट्रॉइट टायगर्स दहा वर्षांनी प्लेऑफमध्ये गेली. तेच टायगर्स, जे २००३ ला ११९ हरले होते आणि शेवटच्या सहापैकी पाच जिंकून मेट्सच्या रेकॉर्डमधून कसेबसे सुटले होते. सॉक्सनेपण डेट्रॉइटमधल्या उरलेल्या दोन जिंकल्या. मोजा, शेवटच्या सहापैकी पाच.

पोपवाली कमेंट राहिली. हो, पोप लिओ शिकागोचे आहेत, हो, सॉक्सचे फॅन आहेत, २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या मॅचला ते स्टँडमध्ये टीव्हीवर दिसलेत. आणि नाही, त्यांनी प्रार्थना केली का हे मला माहीत असण्याचं काही कारण नाही, तरी रोज कुणीतरी विचारतंच.

शिकागोला येणाऱ्यांसाठी, मॅचला जायचं तर रेड लाइन पकडा, सॉक्स-थर्टीफिफ्थला उतरा, स्टेडियम समोरच दिसतं. पार्किंगच्या भानगडीत पडू नका. आणि मुंबई इंडियन्सवाल्यांनो, कमेंट करायच्या आधी व्हिडिओ थोडा मागे घ्या, नाण्यापर्यंत.