नकाराचं पत्र आणि साठ दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

देशभरातले पासपोर्ट आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात, हे आपण अभिमानाने सांगतो. तोच पासपोर्ट घेऊन कॅनडात स्थायिक व्हायची धडपड करणारी मुलं आता सिडकोतही आहेत आणि गंगापूर रोडलाही. कायमस्वरूपी वास्तव्याचा, म्हणजे पीआरचा अर्ज नामंजूर झाला, की घरात सुतक पडल्यासारखं होतं. एजंट म्हणतो, ‘पुन्हा फाइल टाकू.’ नवी फी, नवे कागद. त्या नकाराला कोर्टात आव्हान देता येतं, हे मात्र सहसा कुणी कानावर घालत नाही. म्हणून आज त्याविषयी बोलतो.

कॅनडाच्या 2001च्या इमिग्रेशन कायद्यात कलम 72 आहे. त्याखाली तिथल्या फेडरल कोर्टाकडे न्यायालयीन पुनर्विलोकन मागता येतं. आधी कोर्टाची परवानगी लागते. ती द्यायची की नाही हे न्यायाधीश बहुतेक वेळा नुसते कागद वाचून ठरवतात, आणि त्यांनी नाही म्हटलं तर त्यावर अपील नाही. परवानगी मिळाली तरच सुनावणी होते.

सुनावणीत काय पाहतात? आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 226 खाली हायकोर्टात रिट लावतात, त्याच्याशी हे बरंच जुळतं. मुलगा लायक आहे का, हे कोर्ट नव्याने ठरवत नाही. अधिकाऱ्याने पुरावा वाचला का, त्याची कारणं पटण्यासारखी आहेत का, अर्जदाराला म्हणणं मांडायची न्याय्य संधी मिळाली का, एवढं ते तपासतं. 2019च्या वाविलोव्ह खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की शेवटचा निष्कर्ष बरोबर वाटला तरी भागत नाही, दिलेल्या कारणांतून तो निघायला हवा.

एक उदाहरण घेऊ. अंबडच्या कारखान्यात पाच वर्षं काम केलेल्या एका मेंटेनन्स इंजिनिअरने कंपनीचं अनुभवपत्र जोडलं. त्यात हुद्दा आहे, पगार आहे, तारखा आहेत, शिक्का आहे. पण तो रोज काय काम करायचा, याची एक ओळही नाही. अधिकारी लिहितो, ‘अनुभवाबद्दल माझी खात्री पटली नाही.’ आता कोर्टात जाऊन कामाची यादी असलेलं नवं पत्र दाखवू म्हटलं, तर ते सहसा चालत नाही. अधिकाऱ्यासमोर जे कागद होते, त्यांवरच कोर्ट बोलतं. याउलट, कामाची यादी जोडलेली होती आणि अधिकाऱ्याने तिचा उल्लेखही न करता नकार दिला, तर लढायला खरी जागा आहे. माझं तर म्हणणं आहे, की अर्ज भरतानाच तो उद्या न्यायाधीश वाचतील असं धरून भरावा. एचआरवाल्यांकडे दोन खेपा जास्त घालाव्या लागल्या तरी चालेल.

मेव्हिस बेकर या बाईंचा खटला मला फार मोलाचा वाटतो. त्या मूळ जमैकाच्या. कॅनडात अकरा वर्षं त्यांनी लोकांच्या घरी कामं केली, त्यांची चार मुलं तिथेच जन्मली. त्यांना देशाबाहेर काढायचा हुकूम झाला. माणुसकीच्या आधारावर तिथूनच पीआरचा अर्ज करू द्या, ही त्यांची विनंती फेटाळली गेली. पत्रात कारण नव्हतं. वकिलाने कारणं मागितली तेव्हा एका अधिकाऱ्याच्या नोंदी हाती आल्या, आणि त्यांत त्या बाईंबद्दल, त्यांच्या मुलांबद्दल, त्यांच्या आजारपणाबद्दल इतकं कडवट लिहिलेलं होतं, की 1999मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कारणं मागितलीच नसती तर हे सगळं फाइलीतच राहिलं असतं. आपल्याकडे मनेका गांधींचा पासपोर्ट 1977मध्ये जमा करायला लावला आणि कारण सांगायला नकार दिला, त्यावरही 1978मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला न्याय्य पद्धतीची आठवण करून दिली होती.

पण आशा लावताना खरंही सांगायला हवं. कोर्टात जिंकलं म्हणजे हातात पीआर पडतो असं नाही. बहुतेक वेळा प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे नव्याने जातं, आणि तोही नीट कारणं देऊन नकार देऊ शकतो.

कॅनडात राहणाऱ्या नवऱ्याने किंवा बायकोने इकडच्या जोडीदारासाठी केलेला अर्ज फेटाळला गेला, तर वाट बहुधा वेगळी असते. तिथे आधी इमिग्रेशन अपील विभागाकडे जायचं असतं, मुदत तीस दिवसांची, आणि तिथे नवा पुरावाही देता येतो.

बाकी प्रकरणांत फेडरल कोर्टात जायची मुदत अशी: निर्णय कॅनडाबाहेर झाला असेल तर साठ दिवस, कॅनडात झाला असेल तर फक्त पंधरा. हे दिवस निर्णय कळल्यापासून मोजतात. ‘फेरविचार करा’ असा ईमेल पाठवून उत्तराची वाट बघत बसलात, तरी मुदत थांबत नाही. खास कारण असेल तर कोर्ट ती वाढवू शकतं, पण त्या भरवशावर राहू नका. आणि एजंट किंवा कन्सल्टंट या कोर्टात तुमच्या वतीने उभा राहू शकत नाही, त्यासाठी वकीलच लागतो, तोही तिथला. ज्यांच्या घरी असं पत्र आलं असेल, त्यांनी आज रात्रीच त्या ईमेलची तारीख बघावी. वकिलाला नुसतं नकाराचं पत्र पाठवू नका. भरलेला पूर्ण अर्ज आणि जोडलेला प्रत्येक कागद सोबत द्या. एजंटकडे फाइल असेल तर उद्या त्याच्याकडून ती मागून घ्या.

नमस्कार.