वसतिगृहातलं एक वर्ष

नमस्कार श्रोतेहो.

मी नाशिकमधल्या एका जुन्या वसतिगृहाचा गृहपाल आहे. आमच्याकडे स्टीलची ताटं आहेत आणि बहुतेक ताटांच्या कडेला कुणाचं ना कुणाचं नाव खिळ्यानं ठोकून काढलेलं आहे. मुलं शिकून बाहेर पडली, ताटं मात्र इथंच राहिली. गेल्या जूनमध्ये सुरगाण्याकडचा एक मुलगा आठवीला आला. पत्र्याची पेटी, गोधडी आणि सोबत आजोबा. त्याच्या वाट्याला आलेल्या ताटावर त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी राहून गेलेल्या मुलाचं नाव होतं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि ताट परत आणून दिलं. म्हणाला, "सर, हे दुसऱ्याचं आहे."

पहिले आठ दिवस तो धड जेवला नाही. घरी नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर खाणारं पोर, त्याला चपाती घशाखाली उतरेना. स्वयंपाकाच्या मावशींनी मला न विचारता नागलीचं पीठ आणवलं आणि त्याच्यापुरत्या दोन भाकरी थापल्या. दुसऱ्या दिवशी पेठची, हरसूलची मुलंही ताट पुढं करून उभी! तेव्हापासून दर सोमवारी सगळ्या पंगतीला नागलीची भाकर असते. वर्षभरात आमच्याकडे जे काही चांगलं घडलं, त्यात मी ही भाकर सगळ्यात वर धरतो.

श्रोतेहो, बोर्डिंग ही गोष्ट मुळात या पोटाच्या प्रश्नातूनच आली. शाळा शहरात, मुलगा खेड्यात. फी माफ झाली तरी त्यानं राहायचं कुठं, जेवायचं कुठं? राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखलं आणि 1901 मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग उभं राहिलं. पुढं एकेका समाजासाठी वसतिगृहं निघत गेली. आपल्या नाशिकमध्ये 1914 साली रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे यांच्या पिढीच्या कष्टातून वाढलेल्या मराठा विद्या प्रसारक समाज या शिक्षणसंस्थेचं काम सुरू झालं. उदोजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला बसवायला 15 एप्रिल 1920 रोजी शाहू महाराज स्वतः नाशिकला आले होते. गंगापूर रोडवर ही वास्तू आजही उभी आहे. तिथं आता शिक्षणाचा हा वारसा सांगणारं संग्रहालय आहे. मी दरवर्षी नव्या मुलांना तिथं घेऊन जातो.

पावसाळा नेहमीसारखाच गेला. गोदावरीला पूर आला की मुलांचा एकच हट्ट, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी चढलं ते बघायला जाऊ द्या. मी सोडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत द्राक्षाच्या गावांकडची मुलं घरच्या बागेत राबून परत आली, हाताला छाटणीच्या कात्रीचे घट्टे घेऊन.

पौषात मात्र वसतिगृहाला खरा रंग चढतो. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या शहरातून जातात. यंदा मुलांनी महिनाभर आपल्या चहातली साखर वाचवली आणि पहाटेच्या कडाक्याच्या थंडीत रस्त्याकडेला उभं राहून वारकऱ्यांना चहा दिला. एका म्हाताऱ्या माउलीनं किटली धरलेल्या पोराचे गार हात आपल्या हातांत धरले आणि विचारलं, "बाळा, तुझी आई कुठं असते?" सुरगाण्याचाच तो. तिकडं पाऊस संपला की घरची माणसं कामाला गाव सोडतात. त्यानं सांगितलं, "द्राक्षाच्या कामाला गेलीय, दिंडोरीकडं." माउलीनं पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो खोलीवर आणून सात जणांत वाटला.

खो-खोत आमची मुलं जिल्ह्यापर्यंत गेली. स्नेहसंमेलन झालं. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडल्या, पण दहावीची मुलं पुस्तकाला डोकं लावून बसलेली. मला त्यांची दया येत होती, तरी मी फाटक उघडलं नाही.

निकाल चांगला लागला. एक मुलगा गणितात राहिला. पुरवणी परीक्षेपर्यंत तो घरी गेला असता तर शेतातच अडकला असता, म्हणून त्याला ठेवून घेतलं. सुट्टीत स्वयंपाकघर बंद असतं. मावशी म्हणाल्या, "एकाचं काय आणि पन्नासाचं काय, चूल तर पेटवायचीच." सध्या आमची पंगत दोघांची. सकाळी तो वर्गसमीकरणं सोडवतो, मी तपासतो. काल दहापैकी सात बरोबर आली. उरलेली तीन आज रात्री जेवण झाल्यावर पुन्हा करायची आहेत.

नमस्कार.